बर्बेराचा खरेदीदार आणि मान्यता नसलेला देश

प्रश्न थोडक्यात असा आहे. मशीद बंदरला ऑफिस आणि वाशीला गोडाऊन असलेली एक फर्म पूर्व आफ्रिकेतल्या बर्बेरा बंदरातल्या एका कंपनीला तांदूळ पाठवणार आहे. खरेदीदाराच्या नोंदणी दाखल्यावर ‘रिपब्लिक ऑफ सोमालीलँड’ असा शिक्का आहे. बँकेतल्या अधिकाऱ्याने ‘या नावाचा देश आमच्या यादीत नाही’ म्हणून फाइल बाजूला ठेवली. इस्रायलने मान्यता दिल्याची बातमी फर्मच्या मालकांच्या वाचनात आली आहे, म्हणून ते विचारतात: आता हा देश झाला का? भारताने मानला नसेल तर तिथल्या कंपनीशी केलेला करार टिकेल का? पैसे अडकले तर इथे दावा लावता येईल का?

करार टिकेल. दावाही लावता येईल. बँकेची अडचण निराळी आहे आणि ती बहुधा सुटेल. ‘देश झाला का’ या प्रश्नावर मात्र मला आधी उलट विचारावं लागेल, की कोणाच्या दृष्टीने आणि कोणत्या कामासाठी? फोर्टमध्ये माल आणि जहाजांच्या वादांची वकिली करताना असे अशील अधूनमधून येतात आणि सगळ्यांना ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच ऐकायचं असतं. आंतरराष्ट्रीय कायद्यात ते एका शब्दात सांगता येत नाही.

देश कशाला म्हणायचं याची सर्वात जास्त उद्धृत होणारी व्याख्या 26 डिसेंबर 1933 च्या मॉन्टेव्हिडिओ करारात आहे. कायमची लोकसंख्या, ठरलेला भूप्रदेश, सरकार आणि इतर देशांशी संबंध ठेवण्याची क्षमता या चार गोष्टी हव्यात. करार अमेरिका खंडांतल्या देशांनी केलेला, भारत त्यात नाही, तरी व्याख्या जगभर वापरली जाते. त्याच करारातलं तिसरं कलम सांगतं की राज्याचं राजकीय अस्तित्व इतरांच्या मान्यतेवर अवलंबून नाही. पुस्तकांत यावरून दोन पंथ पडलेले दिसतील. एक म्हणतो, मान्यता फक्त असलेल्या गोष्टीची कबुली देते. दुसरा म्हणतो, मान्यतेनेच राज्य जन्माला येतं. परीक्षेत यावर वीस गुणांचा प्रश्न येतो. कोर्टात यावरून कुणी जिंकल्याचं किंवा हरल्याचं मी पाहिलेलं नाही.

सोमालीलँडला या चार कसोट्या लावून बघा. पूर्वीचा ब्रिटिश सोमालीलँड 26 जून 1960 ला स्वतंत्र झाला आणि पाचच दिवसांनी, 1 जुलैला, इटलीच्या ताब्यात असलेल्या दक्षिण भागाशी एक होऊन सोमालिया झाला. सोमालियाचे हुकूमशहा सियाद बारे यांची राजवट कोसळल्यावर 18 मे 1991 ला त्याने पुन्हा वेगळं होत असल्याचं जाहीर केलं. तेव्हापासून राजधानी हर्गेसामध्ये स्वतःचं सरकार आहे, स्वतःचं चलन आहे, पासपोर्ट आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये तिथे अध्यक्षपदाची निवडणूक झाली आणि सत्ता विरोधी पक्षाकडे शांतपणे गेली. बर्बेरा बंदर दुबईची डीपी वर्ल्ड चालवते. तीच कंपनी आपल्या न्हावा शेवालाही टर्मिनल चालवते, म्हणजे तुमच्या कंटेनरला दोन्ही टोकांना एकाच घरचे लोक भेटतील. पूर्वेकडच्या काही भागावरचा ताबा वादग्रस्त आहे, पण सीमा शंभर टक्के निर्विवाद असायलाच हवी असा नियम कुठेच नाही. तसा असता तर खुद्द आपल्यालाही अडचण झाली असती.

मुंबईकराला हे लगेच कळावं म्हणून सांगतो. ओसी (महापालिकेचा भोगवटा दाखला) नसलेली इमारत डोळ्यांपुढे आणा. सात मजले उभे आहेत, लिफ्ट चालते, लोक पंचवीस वर्षं राहताहेत, मुलांची लग्नं तिथून झाली. इमारत नाहीच असं कोणी म्हणू शकत नाही. पण कर्ज काढायला गेलात की बँक मागे सरते आणि पाण्याचं बिल जास्त दराने येतं. सोमालीलँडचं तीस-पस्तीस वर्षं तेच चाललं आहे. फरक एवढाच की इमारतीच्या बाबतीत ओसी देणारी महापालिका एक असते. देशांच्या बाबतीत तशी महापालिकाच नाही. संयुक्त राष्ट्रसंघाचे 193 सदस्य देश आपापल्या सोयीने ठरवतात, आणि एकाने दिलेला दाखला दुसऱ्यावर बंधनकारक नसतो. खुद्द संयुक्त राष्ट्रसंघही कोणाला मान्यता देत नाही. तो सदस्यत्व देतो आणि त्यासाठी सुरक्षा परिषदेची शिफारस लागते.

म्हणून इस्रायलने 26 डिसेंबर 2025 ला (मॉन्टेव्हिडिओ करारालाही बरोबर त्याच तारखेला 92 वर्षं झाली होती, हा निव्वळ योगायोग) दिलेली मान्यता इस्रायल आणि सोमालीलँड यांच्यापुरती आहे. मोगादिशूने, म्हणजे सोमालियाच्या सरकारने, ती फेटाळली आणि आफ्रिकी संघानेही विरोध केला. भारताच्या लेखी बर्बेरा आजही सोमालियातच आहे.

मान्यता हा राजकीय निर्णय असतो, हे वाक्य विद्यार्थी पाठ करतात पण त्याची धार त्यांना जाणवत नाही. ती जाणवण्यासाठी मुंबईसारखं शहर नाही. भारताने इस्रायलला सप्टेंबर 1950 मध्ये मान्यता दिली, पण पूर्ण राजनैतिक संबंध जोडायला जानेवारी 1992 उजाडला. मधल्या चाळीसहून अधिक वर्षांत इस्रायलचं देशात एकच अधिकृत दार होतं, ते म्हणजे मुंबईतला वाणिज्य दूतावास. कोकणातल्या बेने इस्रायली ज्यू कुटुंबांचे व्हिसाचे कागद तिथूनच निघायचे. म्हणजे मान्यता आणि राजनैतिक संबंध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली दिली म्हणून दुसरी द्यावी लागत नाही.

तैवानचं नेमकं उलट. भारताने डिसेंबर 1949 मध्ये बीजिंगच्या सरकारला मान्यता दिली तेव्हापासून तैवानशी आपले अधिकृत संबंध नाहीत. तरी तैपेईमध्ये 1995 पासून भारताचं कार्यालय आहे आणि ऑक्टोबर 2024 मध्ये तैवानचं आर्थिक आणि सांस्कृतिक केंद्र मुंबईत उघडलं. पाटीवर दूतावास असं लिहिलेलं नाही, पण त्याने व्यापाऱ्याचं काम अडत नाही.

तिसरं उदाहरण तुमच्या शेजारच्या सुकामेव्याच्या पेढीतलं. अफगाणिस्तानातून येणाऱ्या अंजीर-मनुकांच्या कागदांवर 2021 नंतर तालिबान राजवटीचे शिक्के येऊ लागले आणि लोकांनी मला विचारलं, आता अफगाणिस्तान मान्यताप्राप्त देश राहिला नाही का? तसं नाही. देश तोच आहे, त्याचं सदस्यत्व आणि त्याच्या जबाबदाऱ्याही त्याच आहेत. प्रश्न फक्त त्या देशाच्या वतीने बोलणारं सरकार कोणतं, एवढाच. त्या सरकारला रशियाने जुलै 2025 मध्ये औपचारिक मान्यता दिली. भारताने दिली नाही, मात्र नोव्हेंबर 2024 मध्ये तालिबानने मुंबईतल्या अफगाण वाणिज्य दूतावासात आपला माणूस नेमला, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये भारताने काबूलमधल्या आपल्या तांत्रिक पथकाला दूतावासाचा दर्जा दिला. मान्यता न देता किती जवळ जाता येतं, हे बघायचं असेल तर ही घडामोड बघावी. ब्रिटनने तर एप्रिल 1980 मध्येच जाहीर केलं की यापुढे आम्ही सरकारांना मान्यता देण्याची प्रथाच बंद करतो, फक्त राज्यांना देऊ. मला ते धोरण शहाणपणाचं वाटतं.

दिलेली मान्यता परतही घेता येते. पश्चिम सहारातल्या सहरावी प्रजासत्ताकाला भारताने 1985 मध्ये मान्यता दिली आणि 2000 साली काढून घेतली. त्या पंधरा वर्षांत तिथल्या वाळूवर काही फार बदललं नव्हतं, बदललं होतं ते दिल्लीचं गणित.

आणि घाईने दिलेली मान्यता? भारताने बांगलादेशाला 6 डिसेंबर 1971 ला मान्यता दिली तेव्हा ढाक्यात पाकिस्तानी फौज बसलेली होती. शरणागती दहा दिवसांनी झाली. काटेकोर कायद्याच्या फूटपट्टीने मोजलं तर त्या दिवशी परिणामकारक ताब्याची कसोटी पुरी झालेली नव्हती, आणि पाकिस्तानने हा अंतर्गत कारभारातला हस्तक्षेप आहे असं म्हणणं स्वाभाविक होतं. माझ्या मते भारताची बाजू कायद्यातही लंगडी नव्हती. निवडून आलेल्या प्रतिनिधींना सत्ता नाकारून जिथे लष्कर लोकांवर सोडलं जातं, तिथे ‘आधी ताबा दाखवा’ म्हणणं म्हणजे मारेकऱ्याला मुदत देणं. जगाने यायला वेळ घेतला. चीनने 1972 मध्ये नकाराधिकार वापरून बांगलादेशाचं सदस्यत्व अडवलं, पाकिस्तानने फेब्रुवारी 1974 मध्ये मान्यता दिली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात बांगलादेश संयुक्त राष्ट्रसंघात आला. या तीन वर्षांत बांगलादेश देश नव्हता असं म्हणायला आज कोणी धजावणार नाही.

एक प्रकार वेगळा काढून ठेवतो. काही ठिकाणी मान्यता न देणं हे कर्तव्यच असतं. उत्तर सायप्रसची 1983 ची घोषणा सुरक्षा परिषदेने ठराव 541 ने अवैध ठरवली, 1965 मध्ये ऱ्होडेशियाच्या (आजच्या झिंबाब्वेच्या) गोऱ्या राजवटीबाबतही तसंच केलं. दुसऱ्याच्या सैन्याच्या जोरावर किंवा वंशभेदावर उभं राहिलेलं राज्य मानू नका, हा त्यामागचा नियम. सोमालीलँडवर असा ठराव नाही. सुरक्षा परिषद सोमालियाच्या एकतेचा उल्लेख पुनःपुन्हा करते, पण सोमालीलँडशी व्यवहार करू नका असं तिने कधी म्हटलेलं नाही. तुमच्या दृष्टीने हा फरक फार मोलाचा आहे. आफ्रिकी देशांचा विरोधही कायद्यापेक्षा भीतीतून येतो. 1964 मध्ये कैरोला त्यांनी ठरवलं की स्वातंत्र्याच्या वेळच्या सीमा हलवायच्या नाहीत. गंमत म्हणजे सोमालीलँड आपल्या दाव्यासाठी तीच रेघ दाखवतो: आम्ही नवीन सीमा मागत नाही, 26 जून 1960 ची आमचीच सीमा परत मागतो.

आता कोर्टात येऊ. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 86 प्रमाणे परदेशी राज्यावर दावा लावायला केंद्र सरकारची लेखी संमती लागते. ‘परदेशी राज्य’ म्हणजे काय, हे कलम 87अ मध्ये आहे: भारताबाहेरचं, केंद्र सरकारने मान्यता दिलेलं राज्य. कोणत्या राज्याला मान्यता आहे आणि कोणाला नाही याची न्यायालयाने आपणहून दखल घ्यायची, असंही तिथेच म्हटलं आहे. पुराव्याच्या कायद्यातही, पूर्वी कलम 57 आणि आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 52 मध्ये, मान्यताप्राप्त देशांच्या अस्तित्वाची दखल घेण्याची तरतूद आहे. थोडक्यात, न्यायाधीश मॉन्टेव्हिडिओच्या चार कसोट्या लावत बसत नाहीत. सरकार काय म्हणतं ते बघतात. परराष्ट्र मंत्रालय एक बोलतंय आणि हायकोर्ट दुसरंच, असं परराष्ट्र व्यवहारात चालत नाही.

पण तुमचा खरेदीदार राज्य नाही, कंपनी आहे. तिच्या मागचा शिक्का अमान्य सरकारचा असला तर कंपनीचं काय होतं, हा खरा पेच आहे आणि त्यावर इंग्लंडच्या कोर्टांनी शंभर वर्षं डोकं खपवलं आहे. आपल्यावर ते निकाल बंधनकारक नाहीत, पण आपली न्यायालयं ते वाचतात.

सर्वात मजेदार खटला प्लायवूडचा, ल्यूथर विरुद्ध सागोर. ल्यूथर कंपनीची रशियात गिरणी होती. क्रांतीनंतर सोव्हिएत सरकारने ती आणि तिथला माल ताब्यात घेतला, आणि 1920 मध्ये तोच माल लंडनच्या सागोर कंपनीला विकला. माल इंग्लंडात उतरताच ल्यूथर कोर्टात गेले, हा आमचा चोरलेला माल आहे म्हणून. खालच्या कोर्टात ते जिंकले, कारण ब्रिटनने सोव्हिएत सरकारला मान्यता दिलेली नव्हती आणि अमान्य सरकारच्या फर्मानाला किंमत नाही. सागोर अपिलात गेले. अपील चालण्याआधीच, एप्रिल 1921 मध्ये, ब्रिटिश परराष्ट्र खात्याने कळवलं की आम्ही हे सरकार प्रत्यक्ष सत्ताधारी म्हणून मानतो. निकाल फिरला. मान्यतेचा परिणाम मागल्या तारखेपासून धरला गेला आणि गिरणी ताब्यात घेण्याचं फर्मान एकाएकी कायदेशीर ठरलं. प्लायवूड तेच, साक्षीदार तेच, फक्त सरकारी पत्र बदललं.

हे असं टोकाचं चालत राहिलं असतं तर व्यापार करणं अशक्य झालं असतं, म्हणून पुढे कोर्टांनी वाटा काढल्या. कार्ल झाइस खटल्यात 1966 मध्ये पूर्व जर्मनी अमान्य होता. तेव्हा हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या त्या वेळच्या सर्वोच्च कोर्टाने, ठरवलं की त्याच्या कारभाराला मान्यताप्राप्त सोव्हिएत संघाने सोपवलेला कारभार समजायचं. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णभेदी राजवटीने उभ्या केलेल्या सिस्काय या ‘प्रजासत्ताका’बाबत 1980 च्या दशकात हाच मार्ग वापरला गेला. तो वाद इस्पितळ आणि शाळा बांधण्याच्या कंत्राटातल्या बँक हमीचा होता, म्हणजे अगदी तुमच्या-माझ्या पातळीवरचा. पण ही युक्ती सोमालीलँडला लागू पडत नाही. त्याच्या मागे अधिकार सोपवणारा कोणी मालक नाही. मोगादिशूने हर्गेसाला काहीच सोपवलेलं नाही.

तिथे दुसरी वाट उपयोगी पडते. नामिबियाबद्दल 1971 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सल्ला दिला की दक्षिण आफ्रिकेचा तिथला ताबा बेकायदा आहे, तरी जन्म, मृत्यू, विवाह यांच्या नोंदींसारख्या गोष्टी रद्दबातल धरू नयेत, नाहीतर शिक्षा तिथल्या सामान्य माणसालाच होईल. बेकायदा ताब्यातल्या प्रदेशाबद्दल एवढं म्हटलं जात असेल, तर कोणत्याही परक्या सैन्याविना उभ्या राहिलेल्या सोमालीलँडमधला कंपनी नोंदणीचा दाखला फाडून टाकायचं कारण नाही. कंपन्यांपुरता इंग्लंडने 1991 मध्ये कायदाच केला की अमान्य प्रदेशात व्यवस्थित न्यायव्यवस्था असेल तर तिथल्या कंपनीला कंपनी मानायचं. आपल्याकडे असा कायदा नाही, मात्र त्यामागचं तत्त्व युक्तिवादात वापरता येतं.

तरी युक्तिवादावर विसंबून माल जहाजावर चढवू नका. कराराचा मसुदाच असा करा की हा प्रश्न कोणाला विचारावाच लागणार नाही. कंपनीबरोबर तिच्या मालकाला व्यक्ती म्हणून करारात बांधा, वैयक्तिक हमी घ्या. बर्बेराशी व्यापार करणाऱ्या अनेकांची दुबईत पेढी असते. तशी असेल तर तिलाच खरेदीदार करा आणि बर्बेरा हे फक्त माल उतरण्याचं ठिकाण ठेवा. हे जमलं तर निम्मं काम झालं.

वादासाठी लवादाचं कलम घाला, स्थान मुंबई, कायदा भारतीय. इथल्या हुकूमनाम्यावर बर्बेरात जप्ती आणू, हा विचार सोडून द्या. लवादाचा निवाडा मात्र दुबईत उपयोगी पडतो, कारण अमिराती 2006 पासून न्यूयॉर्क करारात (परदेशी लवाद निवाडे राबवण्याच्या करारात) आहेत आणि भारत 1960 पासून. उलट, लवादाचं स्थान हर्गेसा लिहून बसलात तर तो निवाडा भारतात राबवताना अडाल, कारण आपल्या 1996 च्या लवाद कायद्याला केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेला प्रदेश लागतो. लवाद नको असेल आणि सरळ दावाच लावायचा असेल तर एक लक्षात ठेवा, वाशी ठाणे जिल्ह्यात येते. हायकोर्टाच्या मूळ शाखेत, म्हणजे जिथे मुंबईतले दावे थेट लागतात तिथे, जायचं असेल तर करार मशीद बंदरच्या ऑफिसात पक्का झाला आणि पैसे मुंबईत द्यायचे आहेत, हे कागदावर दिसू द्या.

बँकेचं बघू. तिला देशाच्या अस्तित्वाशी देणंघेणं नाही. तिच्या प्रणालीत सोमालिया आहे, सोमालीलँड नाही, आणि सोमालिया म्हटलं की अल-शबाब या दहशतवादी संघटनेवरच्या निर्बंधांमुळे तपासणीचा लाल दिवा लागतो. म्हणून खरेदीदाराचे मालक कोण, पैसे कोणत्या खात्यातून येणार, माल कुठे वापरला जाणार, हे सगळं एका पत्रात लिहून कागदांसह द्या. शिपिंग बिलात देश सोमालिया आणि बंदर बर्बेरा असंच लिहायला तुमच्या सीएचएला (कस्टम्स एजंटला) सांगा. खरेदीदार रुसेल, एलसीमध्ये (बँकेच्या पतपत्रात) ‘सोमालीलँड’ शब्द हवा म्हणेल. तिथे वाद घालू नका, पण एलसीत देशाचं नावच न टाकता फक्त ‘बर्बेरा बंदर’ लिहून घ्या. एलसीत एक नाव आणि बिल ऑफ लेडिंगवर (जहाज कंपनीच्या मालाच्या पावतीवर) दुसरं असलं की बँक कागदांत विसंगती आहे म्हणून पैसे रोखायला मोकळी होते.

उद्या खरेदीदार खासगी कंपनी नसून हर्गेसाचं एखादं मंत्रालय निघालं, तर चित्र बदलतं. कलम 86 चं कवच मान्यताप्राप्त राज्याला आहे, त्यामुळे संहितेतला शब्द धरला तर अमान्य सरकारला ते मिळू नये. समोरचा वकील मात्र सार्वभौमत्वाचा मुद्दा काढेलच, आणि त्या मुद्द्यावरच दोन-तीन वर्षं जातील. समजा तुम्ही जिंकलात, तरी त्या सरकारची भारतात जप्त करण्यासारखी मालमत्ता शोधून सापडणार नाही. असा सौदा आला तर चांगल्या बँकेने दुजोरा दिलेली एलसी घ्या किंवा पूर्ण रक्कम आगाऊ घ्या. दोन्हींपैकी एकही मिळत नसेल तर तांदूळ वाशीच्या गोडाऊनमध्येच राहू द्या.